पांढरीचे थर कसे वाचावेत : उत्खननात नव्याने येणाऱ्यांसाठी

गोदावरी, प्रवरा, भीमा, घोड, तापी या नद्यांच्या काठाने फिरताना काळ्याभोर शेतजमिनीत मध्येच राखाडी-पांढुरक्या मातीचे टेकाड दिसते. गावकरी त्याला पांढर किंवा पांढरी म्हणतात, आणि तेथे पूर्वी वस्ती होती हे त्यांना कोणा पुरातत्त्वज्ञाने सांगावे लागत नाही. पडलेल्या मातीच्या भिंती, चुलीतील राख, शेण, हाडे, खापरे आणि चुना यांची ती पिढ्यान्‌पिढ्या झालेली साठण असते. नेवासे, इनामगाव, दायमाबाद, प्रकाशे ही महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासातील महत्त्वाची स्थळे अशाच टेकाडांतून उलगडली. अशा टेकाडावरच्या ट्रेंचमध्ये, म्हणजे उत्खननासाठी खणलेल्या चरात, प्रथमच उतरणाऱ्या विद्यार्थ्यासाठी किंवा स्वयंसेवकासाठी हा लेख आहे. समोरच्या मातीच्या उभ्या भिंतीत किती थर आहेत, त्यांतला कोणता आधीचा आणि कोणता नंतरचा, आणि एखाद्या थराला काळ द्यायचा तो कशाच्या आधारे, एवढ्याच प्रश्नांपुरता तो मर्यादित ठेवला आहे.

हौसेने कुदळ चालवून ही विद्या शिकता येत नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. भारतात पुरातत्त्वीय उत्खननासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते, आणि परवानगीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी एकदा उपसलेला थर पुन्हा पाहता येत नाही. सरावासाठी खोदण्याची गरजही नसते. नदीने कापलेली दरड, नव्या विहिरीचे उघडे काठ, रस्त्यासाठी फोडलेला टेकाडाचा कोपरा, माती वाहून नेल्यामुळे उभी कापली गेलेली पांढर, अशा ठिकाणी थर आयते दिसतात. तेथे भिंतीतून काहीही उपटून न काढता केवळ पाहावे, फोटो काढावा आणि कच्चे रेखाटन करावे.

खोली म्हणजे वय नव्हे

थरांच्या अभ्यासाचे मूळ तत्त्व निकोलस स्टेनो या डॅनिश शास्त्रज्ञाने १६६९ मध्ये खडकांच्या संदर्भात मांडले: एकावर एक साचलेल्या थरांत खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा असतो. हे वाक्य सर्वांना पाठ असते. त्यात दडलेली अट मात्र सहज विसरली जाते, ती म्हणजे साचल्यानंतर त्या थरांना कोणी हात लावलेला नसावा. समुद्रतळाशी ही अट बऱ्याच अंशी पाळली जाते. गावात ती जवळजवळ कधीच पाळली जात नाही. माणूस खड्डे खोदतो, पाया घालतो, जुनी माती उकरून नव्या भिंतीला लावतो, विहिरीचा उपसा अंगणात टाकतो. त्यामुळे जमिनीखाली किती सेंटिमीटरवर वस्तू मिळाली, एवढ्यावरून तिचे वय सांगणे ही या क्षेत्रातील सर्वांत जुनी आणि सर्वांत चिवट चूक आहे.

ही चूक केवळ नवख्यांनी केली असे नाही. मोहेंजोदडोच्या सुरुवातीच्या मोठ्या उत्खननांत एका ठरावीक शून्यबिंदूपासून खोली मोजून वस्तूंची नोंद होत असे आणि समान पातळीवरील वस्तू एकाच काळाच्या धरल्या जात. टेकाडाचा पृष्ठभाग उतरता असतो, थरही त्याच्याबरोबर उतरतात, त्यामुळे माथ्यावर दोन मीटर खोल असलेला थर कडेला वीस सेंटिमीटरवर येऊ शकतो, ही गोष्ट त्या पद्धतीत हरवून जाते. १९४४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक म्हणून आलेल्या मॉर्टिमर व्हीलर यांनी या पद्धतीवर कडक टीका केली आणि त्याच वर्षी तक्षशिला येथे प्रशिक्षण शिबिर घेऊन थरानुसार खोदण्याची शिस्त भारतीय विद्यार्थ्यांच्या हाती दिली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया यांनी त्याआधीच इंग्लंडमध्ये असताना व्हीलर यांच्या मेडन कॅसल येथील उत्खननात काम केले होते. महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन (तांबे आणि दगड दोन्हींची हत्यारे वापरणाऱ्या काळातील) स्थळांच्या उत्खननात पुढे जी पद्धत रुजली, तिची मुळे तेथपर्यंत जातात.

सेक्शन आधी स्वच्छ करावा

चौरस ट्रेंच आखताना दोन चौरसांच्या मध्ये न खोदलेली मातीची पट्टी राखतात. तिला बाल्क म्हणतात आणि तिची रुंदी साधारणपणे अर्धा ते एक मीटर असते. तिच्यावरून घमेली नेता येतात हा तिचा दुय्यम उपयोग आहे. खोदून काढलेल्या मातीचा क्रम तिच्या उभ्या बाजूवर, म्हणजे सेक्शनवर, शिल्लक राहतो, हा तिचा खरा उपयोग. म्हणून बाल्कच्या कडेवर बसणे, तिला टेकून उभे राहणे किंवा तिच्यातून डोकावणारे सुंदर खापर ओढून काढणे, या तिन्ही गोष्टी वर्ज्य समजाव्यात.

सेक्शन ओळंब्यात उभा तासलेला असावा. धारदार थापीने वरून खाली तासत यावे. खालून वर गेल्यास वरची माती स्वच्छ केलेल्या भागावर पडते आणि काम दुप्पट होते. तासताना थापी घासत ओढू नये, कारण राखेचा पातळ पट्टा त्या ओढीने शेजारच्या मातीत फासला जातो आणि नसलेला थर दिसू लागतो. कोरड्या उन्हात दख्खनची माती एकाच धुरकट रंगाची दिसते, म्हणून फवाऱ्याने हलके पाणी मारावे आणि माती ओलसर असतानाच थरांच्या सीमा पाहाव्यात. अर्ध्या सेक्शनवर ऊन आणि अर्ध्यावर सावली असताना निर्णय घेऊ नये. संपूर्ण सावलीत रंग नीट कळतात, तर सकाळच्या तिरप्या उन्हात पोत उठून दिसतो, म्हणून शक्य असल्यास दोन्ही वेळी पाहावे.

थर कशावरून वेगळा ठरतो

रंग ही पहिली खूण असली तरी ती एकटी पुरेशी नसते. माती घट्ट आहे की भुसभुशीत, चिकण आहे की वाळूमिश्रित, तिच्यात कोळशाचे कण, चुनखडीचे खडे, मुरूम, खापरे किंवा हाडे किती प्रमाणात आहेत, आणि वरच्या-खालच्या थरांशी तिची सीमा तीक्ष्ण आहे की हळूहळू विरघळणारी, या सर्वांचा एकत्रित विचार करून थर ठरवावा. चिमूटभर माती ओली करून अंगठा व तर्जनी यांमध्ये तिची पट्टी वळून पाहावी. चिकण मातीची पट्टी लांब होते, गाळाची लवकर तुटते. थापीचा आवाजही शिकण्यासारखा असतो. सारवलेल्या जमिनीवर ती टणक वाजते आणि खड्ड्याच्या भरावात मऊ बसते, आणि अनुभवी कामगाराला डोळ्यांआधी हा फरक हातांना कळतो. वर्षानुवर्षे उत्खननांवर काम केलेल्या अशा मजुरांचे मत विचारण्यात विद्यार्थ्याने कमीपणा मानू नये.

रंगाची नोंद मन्सेल तक्त्याशी, म्हणजे क्रमांक दिलेल्या प्रमाण रंगछटांच्या तक्त्याशी, ताडून करावी. ‘तपकिरी’ या शब्दाचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा असतो, पण ‘१० वायआर ४/३’ ही नोंद दहा वर्षांनी वाचणाऱ्यालाही तोच रंग दाखवते. माती ओली असताना रंग पाहिला की कोरडी असताना, हेही लिहावे, कारण ओली माती नेहमीच गडद दिसते.

येथे नवख्यांची हमखास फसगत होते, ती अशी की डोळ्यांना दिसणारा प्रत्येक पट्टा हा साचलेला थर नसतो. ओल जेथपर्यंत पोहोचली तेथे गडद रेषा दिसते. ती दोन दिवसांत सरकते. चुना पाण्याबरोबर खाली झिरपून एका पातळीवर गोळा होतो आणि पांढऱ्या खड्यांचा पट्टा तयार करतो, पण तो पट्टा दोन वेगवेगळ्या थरांना आडवा कापून जाऊ शकतो. जमीन दीर्घकाळ उघडी राहिली की तिच्या वरच्या भागाचा रंग वनस्पतींमुळे गडद होतो, तरीही मूळ साठण एकच असते. साचण्याने झालेला फरक आणि साचल्यानंतर त्याच जागी झालेला बदल यांतील भेद ओळखण्यासाठी एक साधा प्रश्न विचारावा: या रेषेच्या वर आणि खाली मातीचा पोत व तिच्यातील वस्तू बदलतात का? केवळ रंगच बदलत असेल तर थर वेगळा करण्याची घाई करू नये. नोंदवहीत निरीक्षण लिहून ठेवावे.

खड्डे: जे नाही तेही वाचावे

थर साचतात तशा काही घटना माती काढून घेतात. खांबासाठी केलेले भोक, भिंतीच्या पायाचा चर, कचऱ्याचा खड्डा, धान्याचे पेव, दफनाचा खड्डा आणि जुन्या भिंतीचे दगड काढून नेल्यावर उरलेली पोकळी या सर्व घटना काळाच्या क्रमात स्वतंत्र स्थान असलेल्या असतात. खड्डा खोदणे ही एक घटना आणि तो भरणे ही दुसरी घटना. या दोहोंत एक दिवस गेला असेल किंवा शंभर वर्षे. म्हणून खोदकामाच्या कडेला एक क्रमांक द्यावा आणि भरावाला वेगळा.

खड्डा कोणत्या पृष्ठभागावरून खोदला गेला, हा ट्रेंचमधील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, असे मला वाटते. खड्ड्याचा तळ कोठे लागतो याने त्याचे वय ठरत नाही. त्याची कड वर कोठपर्यंत जाते आणि तिच्यावर अखंड पसरलेला पहिला थर कोणता, यानेच ते ठरते. ज्या थरांना खड्डा कापतो ते सर्व त्याच्या आधीचे. जो थर त्याचे तोंड झाकतो तो त्याच्यानंतरचा. उत्खननाच्या अहवालात ‘तिसऱ्या थराने झाकलेला आणि चौथ्या थराला कापणारा खड्डा’ अशी जी वाक्ये येतात, त्यांत त्या खड्ड्याची संपूर्ण कालमर्यादा सांगितलेली असते.

अडचण अशी की खड्ड्याची कड वरच्या भागात बहुधा अस्पष्ट असते. तोंडाशी माती ढासळलेली असते, उंदीर-घुशींनी पोखरलेली असते, आणि त्या काळची जमीन पायदळी तुडवली गेलेली असते. खाली काळ्या मातीत तीच कड रेषेसारखी स्पष्ट दिसते. त्यामुळे खड्डा जेथे ‘दिसू लागला’ तेथूनच तो सुरू होतो असे नवखा माणूस लिहून मोकळा होतो आणि खड्डा आहे त्याहून जुना ठरतो. सेक्शन पुन्हा तासून, पाणी मारून, दोन्ही कडा वरच्या दिशेने शोधत न्याव्यात. एक कड हरवली तरी दुसरी बहुधा सापडते.

पेव याहून फसवे. त्याचे तोंड अरुंद आणि पोट रुंद असते, त्यामुळे त्याच्या खांद्यापाशी जुने थर नव्या भरावाच्या वर लोंबकळताना दिसतात. तेथे ओळंबा सोडला तर वर जुने आणि खाली नवे अशी उलटी स्थिती आढळते. स्टेनोचे तत्त्व चुकीचे ठरले असे याने होत नाही. फक्त कापण्याचे नाते वर-खालच्या नात्याहून वरचढ असते, हे लक्षात ठेवावे लागते.

एक सेक्शन वाचून पाहू

पुढील उदाहरण समजावण्यासाठी रचलेले आहे, पण त्यातील प्रत्येक घटक दख्खनच्या टेकाडांवर भेटणारा आहे. पाच मीटर लांबीच्या उत्तर सेक्शनमध्ये सर्वांत वर २० सेंटिमीटर नांगरटीची सैल माती आहे; हा थर १. त्याखाली ६० सेंटिमीटर खोलीपर्यंत राखाडी माती असून तिच्यात काचेच्या बांगड्यांचे तुकडे आणि मध्ययुगीन खापरे आहेत. हा थर २. मग ९० सेंटिमीटरपर्यंत पिवळसर ढिगारा, ज्यात कुडाच्या खुणा उमटलेली भाजकी ढेकळे आहेत; हा थर ३. त्याखाली जेमतेम ६ सेंटिमीटर जाडीची ठोकून सारवलेली जमीन, जिच्यावर काळ्या रंगाने नक्षी काढलेली तांबडी जोर्वे (दख्खनच्या ताम्रपाषाणयुगातील एका संस्कृतीची) खापरे आणि तोटीच्या भांड्याचा तुकडा पडलेला आहे. हा थर ४. नंतर १३१ सेंटिमीटरपर्यंत राखेचा थर ५, त्यात माळवा पद्धतीची, म्हणजे जोर्वेच्या आधीच्या संस्कृतीची, खापरे. शेवटी थर ६, म्हणजे काळी माती, जिच्यात मानवी वापराची कोणतीही खूण नाही.

आता दोन खड्डे पाहू. पहिल्यात १५० सेंटिमीटर खोलीवर, थर ६ च्या पातळीत, तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले दोन कुंभ आहेत. घराच्या जमिनीखाली लहान मुलांना अशा कुंभांत पुरण्याची प्रथा इनामगावसारख्या जोर्वे वस्त्यांत आढळली आहे. दुसरा खड्डा म्हणजे पेव. त्याचे तोंड थर २ च्या माथ्यावर आहे, पोट थर ६ मध्ये शिरले आहे आणि १६५ सेंटिमीटरवर, अगदी तळाशी, मातीची चिलीम पडलेली आहे.

खोलीवरून वय लावणारा म्हणेल की चिलीम सर्वांत जुनी, मग कुंभ, मग माळवा खापरे. प्रत्यक्षात संपूर्ण ट्रेंचमध्ये सर्वांत खोल असलेली ही चिलीम नांगरटीची माती वगळता सर्वांत अलीकडची आहे, कारण पेव थर २ ला कापते आणि केवळ थर १ त्याला झाकतो. कुंभांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. थर ४ बारकाईने तासला असता त्यात सारवणाचे दोन पदर दिसतात. खालचा पदर, ४ख, कुंभाच्या खड्ड्याने कापलेला आहे, आणि वरचा पदर, ४क, खड्ड्यावरून अखंड गेलेला आहे. याचा अर्थ असा की लोक त्या घरात राहत होते, जमीन उकरून त्यांनी मूल पुरले आणि वरून पुन्हा सारवून घेऊन ते तेथेच राहत राहिले. कुंभ माळवा खापरांपेक्षा खोल असूनही त्यांच्यानंतरचे आहेत. वरचा पदर सापडला नसता, तर दफन घर सोडल्यानंतरचे असण्याची शक्यताही खुली ठेवावी लागली असती. सहा सेंटिमीटरच्या थरात किती मोठा निर्णय दडलेला असतो हे येथे दिसते. जमीन लागल्यावर कुदळ बाजूला ठेवून थापी आणि कुंचला हाती घ्यावा असे सांगतात ते याचसाठी.

जुन्यापासून नव्यापर्यंत क्रम असा लागतो: थर ६, थर ५, जमीन ४ख, कुंभाचा खड्डा खोदणे, कुंभ ठेवून तो भरणे, जमीन ४क, घर पडल्याचा ढिगारा म्हणजे थर ३, थर २, पेव खोदणे, पेव भरणे, आणि शेवटी थर १.

या यादीत एक मोठी गोष्ट दिसत नाही. थर ३ आणि थर २ एकमेकांना चिकटून असले तरी त्यांच्यामध्ये हजार-दीड हजार किंवा त्याहूनही अधिक वर्षांचा काळ लोटलेला आहे. जोर्वे लोकांची बहुतेक गावे इ.स.पू. १००० च्या सुमारास ओस पडली. इनामगावात उत्तर जोर्वे (नंतरच्या टप्प्यातील जोर्वे) वस्ती इ.स.पू. ७०० पर्यंत टिकली. अशी रिकामी वर्षे माती म्हणून साचत नाहीत, त्यांची खूण केवळ सीमेवर मिळते. थर ३ चा माथा पावसाने झिजलेला, ओहळांनी चिरलेला, मुळांनी भुसभुशीत झालेला असेल, तर ती जागा उघडी पडली होती. म्हणून दोन थरांमधील रेषेचेही वर्णन लिहावे, केवळ थरांचे नव्हे.

भिंत आली की आणखी एक दक्षता घ्यावी लागते. भिंतीच्या कडेकडेने खोदत जाण्याचा मोह होतो, कारण भिंत पटकन मोकळी होते आणि फोटो छान येतो. परंतु तसे केल्याने पायाचा चर आणि भिंतीला येऊन भिडणारे थर दोन्ही एकदम नाहीसे होतात, आणि मग ती भिंत कोणत्याही काळाची असू शकते. भिंतीला काटकोनात लहान छेद घेऊन कोणते थर पायाच्या चराने कापले आहेत आणि कोणते भिंतीला नंतर येऊन टेकले आहेत, ते आधी पाहावे.

क्रमांक आणि आकृती

भारतीय अहवालांत एक गोष्ट नव्या वाचकाला गोंधळात टाकते. थरांना क्रमांक वरून खाली दिले जातात, कारण खोदणाऱ्याला ते त्या क्रमाने भेटतात. सांस्कृतिक कालखंडांना मात्र खालून वर, कारण इतिहास त्या क्रमाने घडला. त्यामुळे थर १ सर्वांत नवा आणि कालखंड १ सर्वांत जुना असतो. नेवासे येथे सांकलियांच्या चमूने सहा कालखंड मांडले. त्यांत पहिले दोन पाषाणयुगाचे, तिसरा ताम्रपाषाणयुगाचा आणि सहावा मुस्लिम-मराठा काळाचा होता. दायमाबादला खालून वर सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे असा संस्कृतींचा क्रम लागतो.

थर पुष्कळ झाले की साधी यादी अपुरी पडते, कारण ट्रेंचच्या दोन टोकांच्या खड्ड्यांचा परस्परांशी संबंधच नसतो. यासाठी एडवर्ड हॅरिस यांनी १९७३ मध्ये, इंग्लंडमधील विंचेस्टरच्या उत्खननाच्या नोंदींवर काम करताना, चौकटी आणि रेषांची आकृती तयार केली. ती हॅरिस मॅट्रिक्स म्हणून ओळखली जाते. प्रत्येक थर, खोदकाम आणि भराव यांना एकेक चौकट द्यायची आणि फक्त थेट नात्यांच्या रेषा ओढायच्या. नाती तीनच असतात: एक दुसऱ्याच्या नंतरचे आहे, दोन्ही मुळात एकच थर असून मध्ये तुटले आहेत, किंवा दोहोंत थेट नातेच नाही. तिसरे नाते मान्य करण्याचे धैर्य नवख्याकडे क्वचित असते; तो दोन खड्डे शेजारी दिसले की त्यांना समकालीन ठरवतो. आकृती शिबिराच्या शेवटी न काढता रोज संध्याकाळी पुढे न्यावी. एखादी रेषा फिरून मूळ चौकटीवर आली, म्हणजे क खच्या नंतर, ख गच्या नंतर आणि ग पुन्हा कच्या नंतर असे होऊ लागले, तर कोठेतरी निरीक्षण चुकले आहे, आणि ते ट्रेंच उघडा असेपर्यंतच दुरुस्त करता येते. सेक्शनच्या रेखाटनाचीही अशीच एक झटपट परीक्षा आहे. उत्तर आणि पूर्व सेक्शन ज्या कोपऱ्यात मिळतात तेथे प्रत्येक थराची रेषा दोन्ही कागदांवर एकाच उंचीवर आली पाहिजे.

क्रमाला काळ जोडणे

येथवर मिळाले ते केवळ आधी-नंतरचे नाते. वर्षांचे आकडे जोडताना नियम असा की थरातील सर्वांत अलीकडची वस्तू त्या थराची मर्यादा ठरवते. थर त्या वस्तूच्या आधीचा असू शकत नाही, पण कितीही नंतरचा असू शकतो. जुनी खापरे वरच्या थरांत सतत येत राहतात, कारण प्रत्येक नवा खड्डा जुनी माती वर आणतो. थर २ मध्ये पन्नास जोर्वे खापरे आणि काचेच्या बांगडीचा एकच मध्ययुगीन तुकडा सापडला तर थर मध्ययुगीनच. येथे बहुमत चालत नाही. मात्र तो तुकडा उंदराच्या बिळातून किंवा जमिनीच्या भेगेतून आलेला नाही, याची खात्री हवी. काळी माती उन्हाळ्यात खोलवर भेगाळते आणि वरच्या वस्तू त्या भेगांत पडतात, त्यामुळे दख्खनमध्ये ही शंका नेहमीच घ्यावी लागते.

नाणे मिळाले की सर्वांना आनंद होतो, पण नाणे पाडले गेले ते वर्ष आणि मातीत पडले ते वर्ष यांत मोठे अंतर असू शकते. शिवराई शिवाजी महाराजांच्या काळात सुरू झाली, पेशवाईत तशी नाणी पाडली जात राहिली आणि इंग्रजी अमलातही ती बाजारात चालत होती. केवळ शिवराई सापडली म्हणून थर १७व्या शतकाचा ठरत नाही. चिलमीचेही तसेच. तंबाखू अमेरिका खंडातून पोर्तुगिजांबरोबर आली, म्हणून तंबाखूची चिलीम असलेला भराव इ.स. १५०० च्या आधीचा नसतो, पण ती तंबाखूचीच होती हे आधी ठरायला हवे. नाण्यांच्या बाबतीत जाता जाता एक गंमत सांगण्यासारखी आहे. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये नहपान क्षत्रपाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा सापडला आणि त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. खालचा छाप आधीचा, वरचा नंतरचा. एका नाण्याच्या जाडीत दोन राजांचा क्रम वाचता येतो.

परदेशी वस्तू विशेष उपयोगी पडतात. पुद्दुचेरीजवळच्या अरिकमेडू येथे १९४५ मध्ये व्हीलर यांना इटलीत बनलेल्या भांड्यांची खापरे स्थानिक भांड्यांबरोबर एकाच थरांत मिळाली. इटालियन भांड्यांचा काळ युरोपात निश्चित झालेला होता, म्हणून त्यांच्या सोबतच्या स्थानिक भांड्यांनाही काळ मिळाला, आणि तीच भांडी १९४७ मध्ये कर्नाटकातील ब्रह्मगिरी येथे सापडल्यावर तेथील थरांना तारीख लावता आली. ही साखळी थरांच्या शिस्तीवर उभी आहे. थराविना मिळालेल्या वस्तूचे काय होते, ते दायमाबादच्या प्रसिद्ध कांस्यशिल्पांवरून कळते. रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा ही वजनदार शिल्पे १९७४ मध्ये नियमित उत्खननाबाहेर, गावकऱ्याच्या खोदकामात मिळाली, आणि त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत आजही एकमत नाही.

प्रयोगशाळेसाठी नमुना घेताना कोळशाच्या मोठ्या तुकड्यापेक्षा जळालेले धान्य निवडावे. सजीवांच्या अवशेषांतील किरणोत्सारी कार्बन-१४ ची अर्धायू (त्यातील निम्मा नाहीसा होण्याचा काळ) सुमारे ५,७३० वर्षे असून या पद्धतीने साधारण ५०,००० वर्षांपर्यंतचे वय काढता येते. पण ती झाड वा वनस्पती मेल्याचा काळ सांगते, चुलीत जळल्याचा नव्हे. जुन्या घराचा सागवानी वासा दोन पिढ्यांनंतर सरपण झाला असेल, तर तारीख थराहून बरीच जुनी येते. जव किंवा कुळथाचा दाणा मात्र एका हंगामाचा असतो. नमुना खड्ड्याच्या कडेजवळून, बिळाजवळून किंवा सेक्शनच्या उघड्या पृष्ठभागावरून घेऊ नये. पिशवीवर थराचा क्रमांक, ट्रेंच आणि खोली लिहावी, आणि तो थर कशाला कापतो व कशाने झाकला आहे हेही लिहावे.

खालच्या थराची तारीख वरच्याहून अलीकडची आली, तर प्रयोगशाळेला दोष देण्याआधी नमुन्याची जागा तपासावी. अनेकदा न ओळखलेला खड्डा हेच कारण निघते. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीच्या काठी बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि अश्मयुगीन हत्यारे मिळाली, तेव्हा राखेचे वय काही मापनांत अनेक लाख वर्षे आले, तर रासायनिक तुलनेवरून ती सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची असल्याचे मत पुढे आले. त्या वादात राखेच्या वयाइतकाच महत्त्वाचा ठरलेला प्रश्न थरांचाच होता: राख आकाशातून पडली तेथेच राहिली, की नदीने वाहून आणून नंतर तेथे टाकली, आणि हत्यारे तिच्या खालची आहेत, तिच्यातली आहेत की तिच्याबरोबर वाहत आलेली? ट्रेंच मोठा असो वा लहान, तारखेचा कागद हाती आल्यावर सेक्शनच्या रेखाटनाला हेच प्रश्न विचारावेत, आणि रेखाटनातून उत्तर मिळत नसेल तर ती तारीख क्रमात न बसवता बाजूला नोंदवून ठेवावी.